टाकीवरची काच

हल्ली पुलाच्या पोटात तारा बसवतात आणि सगळी मापं एका पडद्यावर येऊन बसतात. मला त्याचं कौतुक आहे, पण खरं सांगायचं तर त्यात मन रमत नाही. नव्वद सालच्या आसपास या मापांची जुळणी माझ्या वहीत व्हायची. बांधकामं तपासायच्या ध्वनियंत्राची पेटी मांडीवर घेऊन मी धुळ्याहून चाळीसगावकडे एसटीने जायचो. कंडक्टर पेटीचं अर्धं तिकीट मागायचा आणि दर खेपेला मी भांडायचो. ते दिवस फार आठवतात.

तिकडच्या एका गावात पाण्याची उंच टाकी होती. खांबांना बारीक तडे गेलेले, आणि खाली नळावर सकाळपासून बायकांची रांग. टाकी चालू ठेवायची की रिकामी करायची, हे मी ठरवायचं होतं. खांबावर हातोडा मारला की त्याची उसळी काँक्रीटचा टणकपणा सांगते. ती चांगली होती. ध्वनी मात्र खांबातून रखडत जात होता, म्हणजे आत काहीतरी पोकळ असणार. तिसरी साक्ष काचेच्या पट्टीची. ती तड्यावर आडवी चिकटवायची. तडा हलला की फुटते. दोन महिन्यांनी गेलो तर पट्ट्या शाबूत. यंत्रच बिघडलंय असं ठरवून मी 'धोका नाही' लिहायला घेतलं.

तेवढ्यात टाकीची राखण करणारे नाना चहा घेऊन आले आणि शाबासकीच्या अपेक्षेने म्हणाले, "साहेब, तुमनी काच दोन येळा फुटनी व्हती. फुटेल काच बरी नही, म्हनीसन मी नवी लाई दिधी."

माझं डोकंच फिरलं. रांगेतल्या बायकांसमोर त्यांना नाही नाही ते बोललो. त्याच दुपारी टाकी रिकामी करवली. खांबाचा पापुद्रा फोडला तर आतल्या सळया गंजून काडीएवढ्या उरलेल्या. वरचा थर तेवढा टणक होता, आणि हातोडा त्यालाच भुलला होता.

निघताना पेटी मात्र नानांनीच एसटीच्या थांब्यापर्यंत उचलून आणली. मला शरम वाटत होती, तरी माफीचा शब्द तोंडातून निघेना. गाडी दिसल्यावर ते हळूच म्हणाले, "मनी सून रोज त्या टाकीखाले पानी भरस, साहेब. काच कसाले लायेल शे, ते माले कोनी सांगेल व्हतं का?"

काच चिकटवताना शिडी धरून तेच उभे होते. त्यांना काय कळणार, म्हणून ती कशासाठी लावतोय ते मी सांगितलं नव्हतं.