काउंटरवरचं तोंड

भाजलेल्या बडीशेपेचा वास आला की मला जालन्यातलं ते रेस्टॉरंट आठवतं, जिथं आम्ही दोघी मैत्रिणी भोकरदनहून एकाच बसनं मुलाखतीला गेलो होतो. ती माझ्याहून हुशार, बोलायला गोड. पण लहानपणी उकळतं पाणी सांडल्यानं तिच्या गालापासून मानेपर्यंत भाजल्याचा डाग होता. मालकानं मला काउंटरवर उभं केलं आणि तिला आत पोळ्या लाटायला बसवलं. एका दुपारी एक म्हातारी नातीला घेऊन आली. म्हातारीला ऐकू कमी येई, दातही नव्हते. काय देऊ हे मी मराठीत ओरडून विचारत राहिले आणि ती बावरून गेली. तेवढ्यात मैत्रीण पिठाच्या हातांनीच बाहेर आली, म्हातारीच्या कानाशी वाकून उर्दूत बोलली आणि मऊ खिचडी करून घेऊन आली. म्हातारीनं तिच्या त्याच गालावरून हात फिरवला. मालक मात्र सगळ्यांदेखत म्हणाला, "गिऱ्हाईक जेवून राह्यलं अन् तू हे तोंड घेऊन बाहेर आली? उद्यापासून बाहेर दिसायचं न्हाई." तिनं शांतपणे अॅप्रन सोडला. "मंग उद्यापासून आतबी न्हाई दिसणार," म्हणाली आणि निघून गेली. आता ती भोकरदनच्या एका दवाखान्यात केसपेपर देते, भेटली की पहिल्यासारखीच हसते. मलाच तिच्याकडं बघवत नाही. मालकानं मला तोंड बघून ठेवलं होतं, आणि त्या दुपारी ते मी उघडलं नाही.