तुळजामागे येणारा धूर

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. माझं काम एसीचं — बसवायचे, धुवायचे, गॅस भरायचा. वास आला म्हणजे तिथं काहीतरी असतंच, घाण नाहीतर मेलेला उंदीर, एवढंच मला ठाऊक. तेव्हा पुढचं वाचून तुम्ही हसलात तरी तक्रार नाही. आम्ही तंजावूरचे मराठी; देवनागरी मला माझ्या मिरजेच्या बायकोनं, शोभानं शिकवली. चुका पोटात घाला.

घराघरांत नुकतं केबल आलं होतं, तेव्हाची गोष्ट. इथल्या लॉजवाल्यांनी धडाधड एसी रूम काढल्या. एसी म्हणजे खिडक्या बंद, आणि गिऱ्हाईक आत बसून सिगरेटी फुंकणार... मग मालक मला बोलवायचे. त्यांना वाटायचं, सेंट मारला की झालं. अहो, धूर जातो, पण त्याचा चिकट थर भिंतीवर, पडद्यांत, एसीच्या जाळीत बसतो. तो धुवावाच लागतो.

आणि माझ्याच घरी, राजवाड्यामागच्या गल्लीत, मधल्या बिनखिडकीच्या खोलीत वडील दिवसभर चिरूट ओढायचे! दिव्याखाली अंधार, दुसरं काय. मांडीवर माझी मुलगी तुळजा. तिला दमा. वडिलांना सांगायची सोय नव्हती, महाहट्टी माणूस. जावयाशी एकदा वाजलं, तर "तुझा उंबरा चढणार नाही" म्हणाले, आणि पापनाशमला माझ्या बहिणीच्या, अक्काच्या घरी मरेपर्यंत गेले नाहीत.

ते वारले. डॉक्टर म्हणाले, पोरीला या वासातून आधी बाहेर काढा. मी गाद्या टाकून दिल्या, भिंती सोड्याच्या पाण्यानं घासल्या — नुसतं पिवळं पाणी गळत होतं — मग चुना, एग्झॉस्ट फॅन, कोपऱ्याकोपऱ्यांत कोळशाच्या टोपल्या. वास गेला. शोभानं भिंतीला नाक लावून खात्री केली. तुळजा धाप न लागता अंगणात पळायला लागली. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

मग आडी अमावास्या, म्हणजे आषाढातली पितरांची अमावास्या आली. आमच्या घरी त्या दिवशी 'पडयल' करतात — गेलेल्या माणसाच्या आवडीचं सगळं केळीच्या पानावर मांडायचं, आणि घरातल्या सर्वांत धाकट्या लेकरानं त्याला जेवायला हाक मारायची. अक्का आली होती. तिनं पानावर वडे वाढले, शेजारी एक चिरूट ठेवला.

"अक्का, तो कशाला?" शोभा म्हणाली.

"पेटवत नाही गं. आवडीचं अस्के नोको ठेवायला?" अस्के म्हणजे सगळं.

तुळजा खोलीच्या दारात उभी राहून ओरडली, "ताता, या!" ताता म्हणजे आजोबा.

आम्ही जेवून उठलो आणि वास आला. शिळा नाही — शिळा धूर आंबूस येतो, तो माझ्या धंद्यातला. हा ताजा, आत्ता पेटवलेल्या चिरुटाचा. पानावरचा चिरूट कोरा होता. तुळजाचे ओठ निळे पडले. तिला ऑक्सिजनवर ठेवावं लागलं.

मी पुन्हा भिंती धुतल्या. गिलावा खरवडला. फॅन काढून दुसरा लावला. काही उपयोग नाही. शेवटी तुळजाला अक्काकडे पाठवली, आणि ती बसमध्ये बसली न बसली तोच खोली स्वच्छ! परत आणली, तर तिनं चपला काढेपर्यंत वास हजर. नव्या कॉलनीत भाड्यानं घर घेतलं. तिथं रंगाचा वास होता, संध्याकाळी चिरुटाचा.

अक्काकडे मात्र पोर ठणठणीत. अक्का रडत मला, धाकट्या भावाला, म्हणाली, "तंबी, हिथं ते येणार नाहीत. शब्दाचा माणूस."

म्हणून शोभा तिथंच राहायला गेली. तर वास अक्काच्या ओट्यावर आला. मी गेलो तरी तेच. आत नाही, उंबऱ्याबाहेर. तरी पोर खोकायला लागायची. आम्ही निघालो की थांबायचं. म्हणजे ती आणि आमच्यातलं कुणी एकत्र आलं की वास.

शेवटचं गेलो ते पोंगलला. भर दुपार होती. तुळजा उंबऱ्याशी उभी राहून बाहेर बघत होती. छातीत घरघर चाललेली, आणि तोंडभर हसू. माझ्याकडे वळून म्हणाली, "अप्पा, ताता उन्हात उभे आहेत. आत बोलवू?"

शोभानं धावत जाऊन तिच्या तोंडावर हात दाबला. तुळजाला अक्काजवळ ठेवून मिळाली त्या बसनं आम्ही दोघं परत आलो. त्यानंतर पापनाशमला गेलेलो नाही.

वडिलांचा तिच्यावर फार जीव होता. तो जीवच तिचा श्वास कोंडत असेल, तर बापानं कुणाशी भांडावं? मला मुलगी हवी आहे आणि मी तिच्याजवळ जाऊ शकत नाही, याला उपाय नाही. मांत्रिक झाले, डॉक्टर झाले. त्यांनी उपाय सांगितले; असं होण्याचं कारण मात्र कुणीच सांगितलं नाही. मलाही आजतागायत सापडलेलं नाही.

तुळजा आता अक्काला अम्मा म्हणते. रविवारी फोन करते आणि विचारते, "अप्पा, कधी येता?"

मी सांगतो, काम फार आहे.