साळलेल्या शिंगांचा सवाल

वडीगोद्रीहून एसटीनं अंबडच्या कोर्टात निघालो होतो. शेजारच्या माणसाच्या मांडीवर पंच्यात गुंडाळलेलं गेमचं यंत्र होतं. खड्डा आला की तो त्यावर दोन्ही हात ठेवायचा, तान्हं लेकरू सांभाळावं तसे. उघडलेल्या यंत्राचे स्क्रू त्यानं चुन्याच्या डबीत ठेवले होते. माझा काळा कोट पाहून त्यानं विचारलं,

"वकीलसाहेब, ह्यात म्या बाहेरची चिप बसवल्ती. कंपनीनं वळखलं आन् इंटरनेटवरचे खेळ बंद केले. कायद्यात बसतं का?"

"बसतं," मी म्हणालो. "सेवा त्यांची, अट त्यांची. तुम्ही ती मोडलीत."

"बराबर हाय. शिंगं साळून-तासून म्हातारा बैल तरणा म्हणून बाजारात नेला, तर हाकलतीलच. पण यंत्रात साठवलेले खेळबी त्याच दिवसापासून घरी चालंनात. बाजारातून हाकला ना! माझ्या गोठ्यात येऊन बैलाचे पाय कशापायी बांधले?"

"बघावं लागेल," मी म्हणालो. उत्तर येत नसलं की आम्ही वकील असंच म्हणतो. त्यालाही ते ठाऊक असावं, कारण तो डबी खुळखुळवत हसला आणि अंबड आल्यावर माझ्या आधी उतरून गेला.

नंतर मी पुस्तकं चाळली. बाजाराचे नियम पानोपानी सापडले. गोठ्याचा अजून शोधतोय.