राईपाशी रस्ता का वळतो

दर रविवारी त्याच चार टाळक्यांनी त्याच ओढ्याला जायचं, म्हणजे किस्से साठणारच. डिंभ्याच्या अलीकडे रस्ता देवराईला वळसा घालून जातो ना, तिथं उतरायचं. राईतून ओढा, वर दगडात कोरलेलं पाण्याचं टाकं. वाट अर्ध्या तासाची, पण जुन्नर-आंबेगावात अशी दुसरी दाखवा, माझं घड्याळाचं दुकान तुमच्या नावावर करतो!

राईचे नियम दोनच. पायताण बाहेर काढायचं आणि आतली काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही.

*

श्रावणात पुण्याच्या एक प्राध्यापक बाई आल्या होत्या. ओढ्यात पाय टाकला तोच मागून लांबलचक शीळ. बाई गर्रकन वळल्या. मागं आमचे तात्या, एसटीचे रिटायर ड्रायव्हर.

"या वयात शोभतं का हो?"

तात्यांनी आ करून दाखवला. "बाई, म्होरचे दात गेलेत. शीळ कुठनं घालू?"

तेवढ्यात वरून दुसरी शीळ आली. फांदीवर निळाकाळा कस्तुर पक्षी बसला होता. परतताना बाईंनी तात्यांना चहा पाजला.

*

टाक्यापाशी एका पाहुण्यानं विचारलं, "हे कधीचं असेल?"

"लेण्याद्री कोरून हात रिकामे झाले तवाचं आसंल," तात्या म्हणाले.

"पाणी प्यायला चालेल?"

"प्या की राव. सातवाहनांपास्नं कुणाची तक्रार न्हाई आली."

*

एकदा तात्यांचाच पाय राईत मुरगळला. टेकायला काठी हवी. खाली लाकूडच लाकूड पडलेलं, पण उचलणार कोण? शेवटी वाडीतल्या किसननं त्यांना पाठीवर घेऊन बाहेर आणलं.

घरी गेल्यावर वहिनींना तात्यांच्या स्वेटरात अडकलेली काडी सापडली. त्यांनी ती सकाळच्या पहिल्या एसटीनं परत पाठवली. कंडक्टरही आंबेगावचाच. त्यानं ती देवाच्या फोटोपाशी ठेवून नेली आणि राईत टाकली. अशी आमची माणसं आहेत, सांगताना छाती फुगते.

*

मग वाडीपर्यंतचा नवा रस्ता मंजूर झाला. वाडीला तो हवाच होता. आजारी माणूस झोळीतून न्यावा लागायचा. पण आखणी थेट राईतून झाली. झाडं गेली की ओढा आटणार, कस्तुर जाणार. आम्ही ऑफिसं पालथी घातली. सगळीकडे एकच उत्तर, "बघू."

एका सकाळी जेसीबी राईच्या हद्दीवर येऊन उभा राहिला. वाडीतले सगळे जमले होते. वर बघतो तर ड्रायव्हर आपला किसन! नवीनच नोकरी लागली होती त्याला. बिचाऱ्यानं पोटाकडं बघायचं का देवाकडं?

"घे आत," कंत्राटदार ओरडला.

किसन खाली उतरला. चपला काढून हद्दीच्या दगडापाशी नीट जोडून ठेवल्या, नमस्कार केला, परत वर जाऊन बसला. जेसीबी मात्र जागचा हलेना.

"आता काय झालं?"

"सायेब, माझी पायताणं काढली," किसन शांतपणे म्हणाला. "ह्या जेसीबीची कशी काढू?"