अकरावं वळण

आमच्या ह्यांना स्वस्थ बसता येत नाही. जेवतानासुद्धा एक गुडघा हलत असतो. हे म्हणजे दिगंबर कुकडे, केंद्र सरकारच्या नोकरीतले सर्वेयर, मूळचे दहिवडीचे. एकोणसत्तर साली बदली होऊन आम्ही कलकत्त्याला आलो आणि बालीगंजच्या क्वार्टरमध्ये राहू लागलो. रोज सकाळी हे बजबजची लोकल धरायचे, संध्याकाळी चिखलाचे बूट माझ्या स्वयंपाकघराच्या दारात काढायचे. हजारदा सांगून झालं.

बजबजच्या पुढे काठालतला नावाचं गाव. तिथून स्टेशनापर्यंत साडेतीन मैलांचा कच्चा रस्ता, आणि त्याला एकोणीस वळणं. ती काढून रस्ता सरळ आणि पक्का करायचा, एवढंच ह्यांचं काम. पण नाही. प्रत्येक वळण का पडलं ते ह्यांना हवं. गावातले म्हातारे गाठून विचारत बसायचे. एक वळण चिंचेसाठी होतं. चिंच पडून साठ वर्षं झाली तरी बैलगाड्या तिला वळसा घालत होत्या. एक पिराच्या जागेसाठी, बाकीची बहुतेक कधीच बुजून गेलेल्या तळ्यांसाठी. आधी माणसं चिखल चुकवत चालली, त्यांच्या मागून गाड्या गेल्या, महायुद्धात लष्कराने विटांचे तुकडे टाकले, की झाला रस्ता. हे सगळं मी भाजी चिरताना ऐकायचं. माझं लक्ष नागपूरच्या पत्राकडे. तिथे माझी आई अंथरुणाला खिळली होती, आणि ह्यांनी नागपूरला बदली मागून दोन वर्षं होत आली होती.

त्र्याहत्तरच्या चैत्रात मोजणी पुरी झाली. अकराव्या वळणाशी एक मोठा कोरडा खड्डा होता. जुन्या नकाशात तिथे तळं दाखवलेलं. दहिवडीकडे तळं आटलं म्हणजे संपलं, लोक त्यात शेळ्या बांधतात. ह्यांनी लिहिलं, ‘पडीक खड्डा, भरून घ्यावा’, आणि रेघ सरळ त्यातून नेली. बंगालात चैत्रात तळं मुद्दाम उपसून गाळ काढतात आणि पावसात ते पुन्हा भरतं, हे इथे वाढलेल्या आमच्या लीनाला नवव्या वर्षी ठाऊक होतं. सगळ्या गावाला प्रश्न विचारणाऱ्या माणसाने नेमका हाच प्रश्न विचारला नाही.

श्रावणात हे मोजणीच्या खुंट्या बघायला गेले तर तिथे काठोकाठ पाणी. ह्यांची खुंटी मधोमध, नुसतं टोक वर. घाटावर शैलबाला मंडल नावाची विधवा भांडी घासत होती. तळं तिचं. मासे विकून घर चालायचं, आंघोळ, धुणंभांडी सगळं तिथेच. तिने ह्यांना विचारलं, कुठले तुम्ही? मराठी म्हटल्यावर म्हणाली, “म्हणजे बर्गी. आमच्याकडे पोरं झोपली नाहीत की तुमचं नाव घेतात.” आणि भांडी घासत राहिली. बर्गी म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी बंगाल लुटायला आलेले मराठे घोडेस्वार.

त्याच आठवड्यात नागपूरचा हुकूम आला. मी शेजारीपाजारी पेढे वाटले, आईला पत्र टाकलं की दसऱ्याच्या आत येते. ह्यांनी मात्र पेढ्याला हात लावला नाही.

“चूक दुरुस्त करायची तर फाइलवर माझ्या सहीने कबूल करावी लागेल,” हे शेवटी म्हणाले. “साहेब म्हणतात, मग शेतातलं पाणी ओसरेपर्यंत थांबा आणि फेरमोजणी तुम्हीच करा. बदली रद्द.”

“आणि नाही लिहिलं तर?”

“दिवाळीनंतर तळं बुजवतील.”

“बुजवू देत. नवा माणूस येईल तो बघेल काय ते. माझी आई तिथे वाट बघतेय.”

हे उठले, गॅलरीत गेले, आत आले, पुन्हा गेले. चार दिवस हाच प्रकार. अहो, एका जागी बसा, मला गरगरतंय, असं मी ओरडले तेव्हा बसले, पण गुडघा चालूच. पाचव्या दिवशी ऑफिसात जाऊन लिहून आले. मी आठ दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. पोळ्या ताटात आपटत होते. लीनाची शाळा सोडून मला एकटीला नागपूरला जाता येत नव्हतं.

पौषात तार आली. नागपूरला पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. भाऊ म्हणाला, शेवटच्या दिवशीसुद्धा आई विचारत होती, सुनीतीची गाडी किती वाजता येते? मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो घेऊनच मी कलकत्त्याला परतले.

माघात फेरमोजणी झाली. अठरा वळणं गेली, अकरावं राहिलं. पंच्याहत्तरच्या पावसाळ्यात त्या रस्त्यावर बस सुरू झाली, तेव्हा मी ह्यांना म्हटलं, मला ते तळं दाखवा. खरं सांगते, मी भांडायला निघाले होते. कोणाशी, ते ठरलं नव्हतं. बसचा कंडक्टर दारात लोंबकळत ओरडला, बर्गीचं वळण, बर्गीचं वळण, उतरा. हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, “गाव तसंच म्हणतं.”

शैलबाला घाटावरच होती. हे वर रस्त्यावर थांबले, मी खाली उतरले आणि माझ्या मोडक्यातोडक्या बंगालीत तिला सुनावलं की तुझ्या ह्या पाण्यापायी माझी आई मला शेवटची भेटली नाही. माझा आवाज चढला होता. तिने माझा हात धरून मला खालच्या पायरीवर बसवलं, माझ्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि ओंजळीने माझ्या पायांवर पाणी घातलं. पाणी कोमट होतं. आई गेल्यावर दीड वर्षाने मला तिथे रडू फुटलं. शैलबाला शेजारी बसून राहिली.

बऱ्याच वेळाने मी वर पाहिलं. हे वळणावर छत्री धरून उभे होते. परतीची बस आली, थांबली, गेली. हे जागचे हलले नव्हते, गुडघासुद्धा हलत नव्हता. दिसत होतं मला सगळं. तरी मी आणखी थोडा वेळ बसले.