गाडी डावीकडे ओढत होती, हे उस्तादांनी मानलं

उस्तादांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी खुर्चीवर बसलो होतो आणि ते उभे होते. पाऊण तास उभे होते. चौकशीच्या त्या खोलीत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. या गौरवग्रंथाच्या संपादकांनी माझ्याकडे चार गोड आठवणी मागितल्या आहेत. पण उस्तादांच्या, म्हणजे श्री. दिगंबरराव सोनकांबळे यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त खरं लिहायचं, तर सुरुवात इथूनच करावी लागते.

नांदेडच्या एका धर्मादाय रुग्णालयात मी तेव्हा वाहन विभाग सांभाळत होतो. आमची रुग्णवाहिका हिमायतनगरला रुग्ण सोडून परत येत असताना भोकरजवळच्या एका वळणावर रस्ता सोडून डाव्या बाजूच्या शेतात शिरली. सोबतच्या सिस्टरांचं खांद्याचं हाड मोडलं. चालक हनमंतराव पांचाळ यांना किरकोळ खरचटलं, आणि जणू तोच त्यांचा गुन्हा ठरला. "डुलकी लागली असेल," "घेतली असेल," असं दोन दिवसांत सगळीकडे झालं. सुपारीचं खांडही न खाणारा हा माणूस! तरी त्यांना निलंबित केलं गेलं. 'चालकाचा निष्काळजीपणा' असा पहिला अहवाल लिहिला तो मी. खाली सही माझी.

वास्तविक, अपघाताच्या आधी महिनाभरात हनमंतरावांनी गाडीच्या नोंदवहीत तीनदा लिहिलं होतं: 'गाडी डावीकडे ओढते. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही.' मी गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये व्हील अलाइनमेंटसाठी पाठवली. छापील रिपोर्ट आला, सगळे आकडे हिरवे, म्हणजे सगळं ठीक. टायरही सारखे झिजलेले. मी कागदावर विश्वास ठेवला. स्वतः गाडीत बसून पाच किलोमीटर जाऊन यावं, एवढंही मला सुचलं नाही.

हनमंतरावांनी चौकशी समितीपुढे साक्षीला उस्तादांना आणलं. उस्ताद लातूरच्या एका ट्रक गॅरेजात काम शिकले आणि पुढे नांदेडात चाकं सरळ करण्याचं छोटं दुकान काढून बसले. या भागातले चालक त्यांना नावानं हाक मारत नाहीत, उस्तादच म्हणतात. समितीच्या अध्यक्षांना मात्र त्याचं काय!

"तुमचं शिक्षण किती?" त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला.

"आठवी, साहेब."

"आणि तुम्ही मशीनच्या रिपोर्टवर मत देणार?"

"रिपोर्टवर न्हाई, गाडीवर देतो. गाडी मी खाली झोपून बघून आलो. रिपोर्ट काढणाऱ्यानं बघितली का, ते तुमी त्याला इचारा."

मग त्यांनी जे सांगितलं ते इतकं सोपं होतं, की पदविका घेतलेल्या माझ्यासारख्याला लाज वाटावी. "चाकं आत-बाहेर तोंड करून असली की टायर करवतीवानी झिजतं. नुसता हात फिरवला तरी कळतं. पण दुसरा एक कल असतो. सायकलचा पुढचा दांडा बघा, तो सरळ उभा नसतो, मागं कललेला असतो. त्या कलामुळं हॅन्डल आपोआप सरळ होतं. मोटारीत त्याला कॅस्टर म्हणतात. ह्या गाडीचा डावीकडचा खालचा आर्म, म्हंजे चाकाला धरून ठेवणारा दांडा, वाकलाय, म्हणून त्या बाजूचा कल कमी झाला. कल जिकडं कमी, तिकडं गाडी ओढती. वळणातून निघताना स्टिअरिंग परत येत न्हाई. अन् ह्यात टायर झिजत न्हाई, म्हणून तुमाला दिसलं न्हाई. हनमंताच्या हाताला मातर रोज कळत हुतं."

"आर्म अपघातातच वाकला असेल," एक सदस्य म्हणाले.

"वाकलेल्या जागी गंज खोलवर गेलाय, साहेब. चार दिसांत असा गंज चढत न्हाई."

त्यानंतर उस्तादांनी खिशातून दोन कागद काढले. एक आमच्या रुग्णवाहिकेचा रिपोर्ट. दुसरा त्याच वर्कशॉपनं त्याच आठवड्यात त्यांच्या एका गिऱ्हाइकाच्या कारला दिलेला. दोन्ही एकावर एक ठेवून त्यांनी खिडकीच्या उजेडात धरले. एकूण एक आकडा, दशांशासकट, तंतोतंत सारखा. फक्त गाडीचा नंबर वेगळा.

"जुळ्या भावांचे अंगठेबी असे जुळत न्हाईत," उस्ताद म्हणाले. "तुमची गाडी मशीनवर चढलीच न्हाई. अन् बेइमान कोण ठरलं? हा हनमंता."

वर्कशॉपच्या व्यवस्थापकांना बोलावलं, तर ते म्हणाले, "संगणकाची चूक." सिस्टरांच्या खांद्यात धातूची पट्टी बसली, एका माणसाची अब्रू गेली, आणि चूक संगणकाची! हनमंतराव कामावर परतले. पण आदेशात शब्द होते 'संशयाचा फायदा देऊन'. कसला संशय? कुणावर? ते शब्द बदलावेत म्हणून मी दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. त्या वर्कशॉपचं कंत्राट मात्र पुढेही चालू राहिलं.

मी उस्तादांच्या दुकानी माफी मागायला गेलो, वाकलोही. त्यांनी मला दंडाला धरून उभं केलं. "माझ्या काहून पाया पडून राहिले? हनमंताच्या घरी जा. एकट्यानं जाववत नसंल तर मी बी येतो."

आम्ही दोघे उमरीला गेलो. हनमंतरावांच्या पत्नी दारातच उभ्या राहिल्या. "तुमच्या सहीनं ह्यांना दारुड्या केलं," त्या मला म्हणाल्या. "लेकरं शाळेत जाईनात. आता कशाला आलात?" उस्ताद हळूच म्हणाले, "ताई, तुमचा राग खरा हाय. पण चूक करून दारात आलेला हा एकच माणूस हाय. न आलेले लई हायत." त्या दारातून बाजूला झाल्या. त्या घरात मी पाणी प्यायलो, ते उस्तादांमुळे.

पुढे उस्तादांनी दर रविवारी दुकानासमोर चालकांना बसवून गाडीची भाषा शिकवायला सुरुवात केली. तक्रार कशी लिहायची आणि तिच्यावर पोच कशी घ्यायची, हेही शिकवलं. त्यांचा आग्रह एकच असतो: "ज्याच्या हातात गाडी हाय, त्याला आधी इचारा." मीही तिथं सतरंजीवर बसून शिकलो.

आता त्यांचा सत्कार होतो आहे, आनंद आहे. परंतु शाल पांघरवून आपण हिशेब मिटवतो आहोत, असं कोणी समजू नये. पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाला अजूनही गाडीखाली झोपून, खोटे कागद उजेडात धरून, कुणातरी चालकाचा खरेपणा सिद्ध करावा लागतो, ही उस्तादांची थोरवी असली तरी आपल्या सर्वांची नामुष्की आहे. उस्तादांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो; त्यांचे गुडघे धड राहोत, नजर शाबूत राहो. आणि उरलेली सगळी वर्षं त्यांना फक्त गाड्या दुरुस्त कराव्या लागोत, आमच्यासारखी माणसं नकोत.