मथुशलहाची वर्षं आणि दोन रेघा

मथुशलहाचा मला मनापासून राग येत असे. बायबलातला हा माणूस नऊशे एकोणसत्तर वर्षं जगला म्हणे. आदाम नऊशे तीस, नोहा नऊशे पन्नास, आणि माझे वडील एकसष्टाव्या वर्षी, ताटावर बसलेले असताना गेले. मी खडकीत फरशा आणि कबरीवरचे दगड विकतो. हातात एक छिन्नी घेऊन सुरुवात केली, कोणाचा आधार नव्हता. मापात कमी दिलं तर मी कोणालाही सोडत नाही. देवाला का सोडावं?

त्या रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांचा उपदेश नेमका या लांबलचक आयुष्यांवर होता. उपासना सुटल्यावर मी त्यांना दारातच गाठलं आणि हा हिशेब विचारला. ते शांतपणे म्हणाले, "त्या यादीत हनोखाची वर्षं सगळ्यांत कमी. तो देवाबरोबर चालला, एवढंच लिहिलंय. तुम्ही सध्या कोणाबरोबर चालता?" मग हळूच विचारलं, दादाला भेटलात का?

दादा, माझा थोरला भाऊ, आठ दिवस सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात होता. डॉक्टरांनी आशा सोडली होती. बायको रोज डबा घेऊन जायची, जाताना म्हणायची, "अहो, आज तरी चला." मी म्हणायचो, घाई कसली, माणूस नऊशे वर्षं जगतो.

आमचं एकोणीस वर्षांपूर्वी बिनसलं, तेही वडिलांच्या दगडावरून. दादाला महागाचा काळा दगड हवा होता, मी साधा शहाबादी पुरे म्हणालो. चार माणसांत तो म्हणाला, "बापाच्या दगडाचीही घासाघीस करतोस?" मी उठून निघून आलो. त्यानं दगड दुसऱ्याकडून कोरून घेतला. मुलगा दगडकाम करणारा, आणि बापाचं नाव परक्याच्या हातचं! आमच्यात दगडावर खाली मुलांची नावं घालतात. मी वाटेवरूनच पाहिलं, खाली फक्त दादाचं नाव. तिथूनच मागे फिरलो, पुन्हा गेलो नाही.

पाळकसाहेबांच्या त्या प्रश्नानं डोकं फिरलं. दुकानातून छिन्नी-हातोडी उचलली आणि तडक कबरस्तानात गेलो. माझं नाव मीच कोरणार होतो, दादा जिवंत असतानाच. गुडघे टेकून छिन्नी लावली. शेजारच्या कबरीवरच्या फुलझाडांना पाणी घालणारी एक म्हातारी बाई माझ्याकडे बघत होती. मी तिला ओळखत नव्हतो. तिनं ओलं फडकं पुढे केलं. "आधी पुसा तरी," म्हणाली. "धुळीवर कोण ठोकतं?"

हे मला तिनं सांगावं! चिडूनच पुसलं. दादाच्या नावाखाली वीतभर जागा कोरी होती, आणि त्या जागेत टोच्यानं ओढलेल्या दोन बारीक रेघा. नाव कोरण्याआधी आम्ही अक्षरांच्या उंचीसाठी ओढतो तशा. माझ्या नावाला पुरेल इतक्याच लांबीच्या. कोरा दगड कोणी उगाच सोडत नाही, हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो. एकोणीस वर्षं ती जागा माझी वाट बघत होती. मान वर केली तेव्हा बाई निघून गेली होती. फडकं माझ्या हातातच राहिलं.

छिन्नी न चालवता तसाच दवाखान्यात गेलो. दादानं डोळे उघडले, माझ्या गुडघ्यांवरची माती पाहिली.

"बघितलंस?"

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर त्यावरही घासाघीस केली असतीस."

नंतर दादा अकरा दिवस जगला. रोज मी त्याच्या उशाशी बसलो. बाराव्या दिवशी त्याला वडिलांशेजारी ठेवलं. त्याच आठवड्यात मी त्या दोन रेघांमध्ये माझं नाव कोरलं, आणि दादाचा दगडही मीच केला, काळा, त्याला आवडायचा तसा.

राग अजून येतो, माझ्या एकोणीस वर्षांचा. मथुशलहाला मी सोडून दिलंय. देवानं पाठवलेल्या त्या बाईबद्दल आणि त्या अकरा दिवसांबद्दल त्याचे आभार मानतो. रोज दुकान उघडण्याआधी म्हणतो, प्रभू, आजचा दिवस तू देशील त्या मापाचा. भाव करणार नाही.